मदत हवी आहे: भाचीला व्हीआर हेडसेट द्यायचाय, कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात अनगोळला राहतो, नोकरी उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये. माझी भाची निपाणीची. इंजिनिअरिंगला इथे प्रवेश मिळाल्यापासून आमच्याकडेच, वरच्या खोलीत राहते. दिवाळीच्या सुमाराला तिला वीस पूर्ण होतील. त्या निमित्ताने व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावला की गेमच्या आत शिरल्यासारखं वाटतं ते यंत्र) द्यावा असं माझ्या आणि बायकोच्या मनात आहे. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, म्हणून इथे विचारतोय.

पोरगी नुसता वेळ घालवायला गेम खेळणारी नाही. अभ्यास, सबमिशन सगळं उरकून रात्री बसते. हरली की त्या सामन्याचं रेकॉर्डिंग पुन्हा लावते आणि कुठे गडबड झाली ते वहीत उतरवते. ती वही मी बघितली आहे. नकाशे काढलेत, बाण दाखवलेत, समोरचा कुठल्या कोपऱ्यातून आला ते लाल शाईने लिहिलंय. आमच्या नात्यात बरेच जण ‘मुलीच्या जातीला कशाला हवेत गेम’ म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. इतकं मन लावून पोर काही करतेय तर घरच्यांनी तिच्या पाठीशी राहायला नको का?

मे महिन्यात पुण्याला नातेवाईकांकडे तिने हेडसेट लावून बघितला. परत येताना कोल्हापूर मागे पडलं तरी तिचं त्याच्यावरच बोलणं चालू होतं. मागितला मात्र नाही. ती काहीच मागत नाही कधी.

आता परिस्थिती सांगतो. तिच्याकडे लॅपटॉप आहे, त्यावरच्या स्टिकरवर ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० लिहिलंय, रॅम ८ जीबी. प्लेस्टेशन नाही. फोन अँड्रॉइड. चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे अडीचच्या आसपास. खोली माळ्यावरची, साधारण दहा बाय नऊ फूट, त्यात पलंग आणि टेबल. वर कौलं आहेत आणि पंखा बराच खाली लटकतो. इंटरनेट फायबरचं आहे, पण राउटर खालच्या सोप्यात.

बजेट चाळीस हजारांपर्यंत. एक गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे: हेडसेट हातात पडल्यावर ‘आता नवा लॅपटॉप घ्या, आता हे जोडा’ असं तिच्यावर येऊ नये. तसं झालं तर ती गप्प बसेल आणि वस्तू कपाटात जाईल.

खडेबाजारात एका दुकानात चौकशी केली, तर त्यांनी फोन आत सरकवायचा प्लॅस्टिकचा डबा दाखवला, बाराशेचा. ‘हेच व्हीआर, बाकी सगळं नावाचं’ म्हणाले. पुण्यात बघितलेला तसा नव्हता. दोन्हींत नक्की फरक काय? आणि चष्म्याचं कसं करतात? डोळ्यांना त्रास होतो का? जाणकारांनी सांगावं.

खानापूरचा_पोरगा

मामा, तो डबा घेऊ नकासा. त्यात फोनचा सेन्सर फक्त मान कुठं वळली तेवढं ओळखतो. डावीकडं बघितलं की चित्र डावीकडं जातं, खरं तुम्ही एक पाऊल पुढं टाकलासा किंवा खाली वाकलासा तर त्याला काहीच कळत नाही. हातात कंट्रोलर पण नसतात. व्हिडिओ बघायला ठीक. जी पोरगी वहीत नकाशे काढते तिला दोन दिवसांत कंटाळा येईल. पुण्यात तिनं बघितला तो खऱ्या हेडसेटपैकी असणार. त्याच्यावरच कॅमेरे असतात आणि ते खोली बघून अंग कुठं हललं, हात कुठं आहेत हे सगळं पकडतात.

रात्रपाळी

सविस्तर लिहितो, कारण तुमची अट मला फार योग्य वाटली.

हेडसेट तीन प्रकारचे धरा. पहिला प्लेस्टेशनचा, म्हणजे पीएस व्हीआर २. पडदा ओएलईडी, फार सुंदर, पण त्याला प्लेस्टेशन ५ लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सोनीने तो पीसीला जोडायचा अडॅप्टर काढला, पण त्यासाठी पीसीवर डिस्प्लेपोर्ट १.४ (पडदा जोडायचं एक सॉकेट) हवं, आणि गेम नीट चालायला बऱ्यापैकी ताकदीचं ग्राफिक्स कार्ड. भाचीच्या लॅपटॉपवर ते नीट जमणार नाही. हा विषय इथेच सोडा.

दुसरे निव्वळ पीसीवर चालणारे. तेही त्याच कारणाने बाद.

तिसरे स्वतंत्र चालणारे. प्रोसेसर, बॅटरी, मेमरी सगळं हेडसेटच्या आतच असतं. ना तार, ना लॅपटॉप. तुमच्यासाठी हेच. यात आज सरळ दोन नावं येतात: मेटाचा (फेसबुकवाली कंपनी) क्वेस्ट ३, ऑक्टोबर २०२३ चा, आणि क्वेस्ट ३एस, ऑक्टोबर २०२४ चा. दोन्हींत चिप एकच, स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २. रॅमही सारखीच, ८ जीबी. म्हणजे जो गेम एकावर चालतो तो दुसऱ्यावरही चालतो. फरक आहे तो भिंगांत आणि पडद्यात. ३ मध्ये नव्या पद्धतीची पातळ भिंगं आहेत, पॅनकेक म्हणतात ती, चित्र कडेपर्यंत स्वच्छ दिसतं, आणि प्रत्येक डोळ्याला २०६४ बाय २२०८ पिक्सेल मिळतात. ३एस मध्ये जुन्या पद्धतीची, गोल खाचांची फ्रेनेल भिंगं आणि १८३२ बाय १९२० पिक्सेल. मधोमध चित्र छान, कडेला थोडं धूसर, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की भोवती किरण पसरल्यासारखे दिसतात.

३एस बाजारात आला तेव्हा अमेरिकेत १२८ जीबीची किंमत २९९ डॉलर होती आणि ५१२ जीबीच्या क्वेस्ट ३ ची ४९९. आपल्याकडे आयात केलेला माल मिळतो, त्यावर शुल्क आणि विक्रेत्याचा नफा चढतो, म्हणून भाव दुकानागणिक वेगळा दिसेल. चाळीसच्या आत ३एस बसवा. १२८ जीबी पुरेल. खेळून झालेला गेम काढून टाकता येतो आणि विकत घेतलेला गेम खात्यावर राहतोच.

लॅपटॉपबद्दल स्पष्ट सांगतो. क्वेस्ट केबलने किंवा वायफायने पीसीला जोडून पीसीवरचे व्हीआर गेम खेळता येतात, पण त्यासाठी चालणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या मेटाच्या यादीत साधा जीटीएक्स १६५० बसत नाही. त्यामुळे हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्ससारखे गेम सध्या होणार नाहीत. पुढे कधी तिने चांगला पीसी घेतला तर हाच हेडसेट त्यालाही चालेल. आज काही जोडायला नको, उद्या दार उघडं आहे.

जुना_माल_चालेल

सेकंड हँड क्वेस्ट २ निम्म्या पैशात मिळतो. उगाच नवा कशाला?

रात्रपाळी

दादा, क्वेस्ट २ हा २०२० चा आहे. बरेच नवे मोठे गेम आता त्याच्यासाठी निघत नाहीत. बॅटमॅन: अर्खम शॅडो फक्त ३ आणि ३एस वर चालतो. गेमरला देताना पुढची तीन-चार वर्षं बघायला हवीत. शिवाय वापरलेल्या हेडसेटच्या भिंगावर ओरखडे किंवा पडद्यावर उन्हाचे डाग असतील तर दुकानात पाच मिनिटं लावून ते कळत नाही.

चष्मेवाली_ताई

चष्म्याबद्दल मी सांगते. मी डोळे तपासण्याचंच काम करते.

पडदा डोळ्यांपासून चार बोटांवर असला तरी भिंगांमुळे चित्र साधारण एक-दोन मीटर लांब असल्यासारखं दिसतं. उणे अडीच नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय चाळीस सेंटिमीटरच्या पलीकडचं धूसर दिसतं. त्यामुळे ‘पडदा जवळच आहे, चष्मा काढून बसेल’ असं होणार नाही. तिला नंबर लागणारच.

दोन उपाय आहेत. चष्मा घालूनच हेडसेट लावायचा, त्यासाठी आतली जागा वाढवणारी चौकट येते. तुम्ही घ्याल त्या पेटीत ती आहे का, हे विकणाऱ्याला विचारून घ्या. तिच्या चष्म्याची फ्रेम रुंद असेल तर कानाजवळ दाबते आणि चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासून ओरखडा पडू शकतो. तो ओरखडा जात नाही. दुसरा उपाय म्हणजे तिच्या नंबरच्या छोट्या काचा करून हेडसेटच्या भिंगांवर बसवायच्या. त्या ऑनलाइन मागवाव्या लागतात, खर्च वेगळा, पण रोज खेळणारीला सुख त्यातच आहे.

आणखी एक. दोन बाहुल्यांमधलं अंतर, पीडी म्हणतात ते, काढून घ्या. ३एस मध्ये भिंगं तीनच जागी सरकतात, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटरवर. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून अगदी बारीक जुळवता येतं. तिचं अंतर ६० किंवा ६३ असेल तर काही अडचण नाही. ५५ असेल तर ३एस डोळ्यांना त्रास देऊ शकतो. तिने जिथे चष्मा केला तिथे पावतीवर किंवा त्यांच्या नोंदीत पीडी बहुधा लिहिलेलं असेल, चष्म्याच्या निमित्ताने सहज मागून घेता येईल. विकत घेण्याच्या आधी ही एकच गोष्ट नक्की करा.

डोळे बिघडतात का, हे सगळे विचारतात. एकटक बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून अर्ध्या तासाने हेडसेट काढून खिडकीतून लांब बघायला सांगा.

भाग्यनगरवाला

खोलीचं बोलतो, कारण खरा धोका तिथेच आहे. मेटा उभं राहून, फिरून खेळायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा सुचवतं. पलंग भिंतीला लावला तर जेमतेम होईल. हेडसेट लावल्यावर जमिनीवर आपण हद्द आखतो आणि हात त्या हद्दीजवळ गेला की डोळ्यांसमोर जाळी दिसते. पण मामा, ती जाळी भिंतीसारखी उभी असते, वरचं छत तिला कळत नाही. तुमचा खाली लटकणारा पंखा! बीट सेबरमध्ये (तालावर तलवारीने ठोकळे कापायचा गेम) पोरगी दोन्ही हात डोक्यावर नेऊन तलवार मारणार, आणि तेव्हा पंखा फिरत असेल तर बोटं जातील. पंखा काढा किंवा भिंतीवरचा लावा. हेडसेट घेण्याआधी.

दुसरं, ऊन. कौलांत काचेचं कौल आहे का? हेडसेटच्या भिंगांवर थेट ऊन पडलं तर ती भिंगं ते पडद्यावर एकवटतात, लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो तसंच. मिनिटभरात पडद्यावर कायमचा डाग पडतो. वापर झाला की पेटीत किंवा निदान कापड झाकून ठेवायचा. खिडकीत कधीच नाही.

तिसरं, मळमळ. गेममध्ये आपण धावतोय असं डोळे सांगतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की उभेच आहोत. त्या विसंगतीने घाम येतो, पोटात ढवळतं. सुरुवात एकाच जागी उभं राहून खेळायच्या गेमनी करावी. थोडं जरी गरगरलं की लगेच काढायचा. जिद्दी मुलं ‘सवय होईल’ म्हणून ताणतात आणि मग नुसता हेडसेट बघूनही मळमळतं. तुमची भाची जिद्दी दिसते, तिला हे आधीच सांगा.

शहापूरकर

माझं मत थोडं वेगळं. ज्या मुलीला स्पर्धेचे गेम आवडतात तिला लॅपटॉपची रॅम १६ करून द्या आणि एक चांगला मॉनिटर द्या. रोज वापरेल. हेडसेट चार महिन्यांनी धूळ खातो, मी आमच्या घरात बघितलंय.

अनगोळचा_मामा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

शहापूरकर, तुमचं म्हणणं मी बायकोला वाचून दाखवलं. रॅम तिला लागेलच आणि ती मी करून देईन, पण ती गरज म्हणून, वाढदिवस म्हणून नाही. पुण्याहून येताना तिच्या तोंडावर जे होतं ते मला पुन्हा बघायचंय. तेवढ्यासाठी हेडसेटच.

चष्मेवाली ताई, पीडी मिळालं. चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणून तिला दुकानात नेलं आणि मालकांना बाजूला घेऊन विचारलं. ६२ आहे. म्हणजे ३एस चालेल ना? आणि नंबरच्या काचाही मागवेन, बजेटमध्ये तेवढी जागा निघतेय.

पंखा रविवारी काढतोय, भिंतीवरचा आणलाय. भाचीला सांगितलं की जुना आवाज करतो. काचेचं कौल आहे, टेबलाच्या बरोबर वर. टेबल हलवतो.

आता दोनच शंका. मागवताना काय बघू? आणि राउटर खाली आहे, त्याचं काय?

चष्मेवाली_ताई

६२ म्हणजे ६३ च्या खाचेत आरामात. निश्चिंत घ्या.

रात्रपाळी

गेम हेडसेटमध्येच उतरवलेला असला की एकटीने खेळायला नेट लागत नाही. डाउनलोडला लागतं, आणि मोठे गेम बरेच जीबी असतात, म्हणून पहिल्या दिवशी हेडसेट खाली आणून राउटरजवळ भरून घ्यायचा. ऑनलाइन सामने खेळायचे म्हटल्यावर मात्र वर सिग्नल चांगला हवा. सोप्यातून वर एक लॅन केबल ओढून दुसरा छोटा राउटर लावलात की झालं, आणि त्याचा उपयोग लॅपटॉपलाही होईल.

मागवताना जीएसटीचं पक्कं बिल मागा. आयात मालावर कंपनीची हमी आपल्याकडे लागू होत नसेल तर विकणारा स्वतः किती महिने जबाबदारी घेतो हे लेखी घ्या, आणि परत करायची मुदत किती तेही. पार्सल उघडताना सील तोडण्याआधीपासून व्हिडिओ काढा. हेडसेट सुरू होतो का, दोन्ही कंट्रोलर जोडले जातात का, हे मुदतीत बघायला हवं, म्हणून दिवाळीच्या आदल्या दिवशी पोचेल असं नका करू आणि फार आधीही नको.

आणि महत्त्वाचं: नुसता सुरू होतो का एवढंच बघा, तुमच्या नावाने खातं उघडू नका. हेडसेट फोनवरच्या मेटा होरायझन अ‍ॅपने जोडायचा असतो, आणि विकत घेतलेले गेम त्या खात्याला कायमचे चिकटतात. ते खातं भाचीचंच असू दे.

खानापूरचा_पोरगा

मामा, एक राहिलं. कंट्रोलरला एकेक पेन्सिल सेल लागतो, एए. पेटीत येतात खरं रोज खेळणाऱ्याचे लवकर संपतात. चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर हेडसेटबरोबरच द्या, म्हणजे रात्री अकराला दुकान शोधायला नको. आणि तिचा पहिला गेम तुम्ही घेऊन द्या, बीट सेबर. पंखा काढलाय म्हटल्यावर भीती नाही.