मदत हवी आहे: चौकाबाऱ्याच्या पायथन प्रोग्रामात भलतीच सोंगटी मरते

चिकोडीचा_पट
पाच बाय पाच घरांचा चौकाबारा (चार कवड्या टाकून खेळायचा सोंगट्यांचा खेळ, काही जण चल्लस-आठ म्हणतात) पायथन ३ मध्ये लिहिलाय. ग्राफिक्स नाही, टर्मिनलवर पट छापतो. दोन खेळाडू, एक खालचा, एक वरचा. प्रत्येकी चार सोंगट्या. अडलंय ते असं:

१. खालच्याची एक सोंगटी हलवली की पटावर पाच दिसतात, एकाच उभ्या रांगेत वरपासून खालपर्यंत.
२. दोघांच्या सोंगट्या एका घरात आल्या तरी कोणी मरत नाही. उलट पटाच्या दुसऱ्या टोकाची मरते.
३. डाव संपत आला की इंडेक्सएरर येऊन प्रोग्राम बंद.

सोंगटी म्हणजे नुसता आकडा, ० पासून २४ पर्यंत. मारायची अट: माझा आकडा समोरच्याच्या आकड्याइतका झाला की मार. पट असा केलाय: रांग म्हणजे टिंबाची यादी गुणिले ५, आणि पट म्हणजे त्या रांगेची यादी गुणिले ५. दान रँडम डॉट चॉइसने काढतो, यादीत १, २, ३, ४, ८. फोनवरून लिहितोय म्हणून कोड शब्दांत. कुठनं उसवायचं तेच कळेना झालंय.

खानापूर_टर्मिनल
पहिलं सोपं. यादीला ५ ने गुणलंत की पाच रांगा तयार होत नाहीत, एकाच रांगेला पाच नावं चिकटतात. एकीत खूण केली की पाचही ठिकाणी उमटणार. फॉर लूप लावून दर फेरीला नवी रांग करा आणि पटात अपेंड करा. आतली टिंबं गुणून केली तरी चालतं, कारण टिंब ही स्ट्रिंग आहे आणि स्ट्रिंग जागच्या जागी बदलत नाही.

दुसरं खरं दुखणं. तुमचा आकडा म्हणजे सोंगटी किती घरं चालली ते. ती कुठं बसलीय ते नव्हे. दोघांची सुरुवात वेगळी, मग दोघांचा ३ एका घरात कसा येईल? ओळ आणि रकाना ० ते ४ धरा. खालच्याचं घर (४,२). तिथून उजवीकडे, घड्याळाच्या उलट:

(४,२) (४,३) (४,४) (३,४) (२,४) (१,४) (०,४) (०,३) (०,२) (०,१) (०,०) (१,०) (२,०) (३,०) (४,०) (४,१)

ही बाहेरची १६. मग आत वळून घड्याळाच्या दिशेने ८:

(३,१) (२,१) (१,१) (१,२) (१,३) (२,३) (३,३) (३,२)

आणि शेवटी मधलं (२,२). एकूण २५. ही 'वाट' नावाची यादी एकदाच हाताने लिहा. वरच्याची वाट वेगळी लिहू नका, चूक तिथंच शिरते. प्रत्येक जोडीतला आकडा ४ मधून वजा केला की वरच्याची वाट तयार: (३,४) चं होतं (१,०).

आता पडताळा. खालचा ३ वर आहे, म्हणजे (३,४). त्याच घरात वरचा कधी येतो? त्याच्या ११ व्या पावलाला. तुमची अट ३ आणि ११ ची तुलना करते, म्हणून मार नाही. आणि वरचा स्वतःच्या ३ वर, म्हणजे (१,०) ला असला की तुम्ही त्याला मारता. अट अशी हवी: वाट१[माझी पावलं] आणि वाट२[त्याची पावलं] सारख्या असल्या तर मार.

कुणी ८ मिळवून १६ ने भागून बाकी घ्या म्हणेल. बाहेरच्या फेरीत ते जमतं. आतल्या फेरीत ८ च घरं, तिथं हिशोब फसतो. यादीच बरी.

तिसरं: वाटेत ० ते २४ च जागा. सोंगटी २२ वर आणि दान ३ पडलं की २५ मागता. हलवण्याआधी बेरीज २४ च्या वर जाते का बघा, गेली तर ती सोंगटी त्या दानाला चालत नाही. चारीपैकी एकही चालत नसेल तर दान फुकट घालवा, नाहीतर 'कोणती सोंगटी?' विचारत लूप फिरत बसेल.

निपाणी_कवडी
दानाकडे कुणी बघितलं नाही की ओ. चॉइसने पाचही दानं सारखी पडतात, दर पाचात एक. चार कवड्यांत तसं नसतं. उताण्या कवड्या मोजायच्या, सगळ्या पालथ्या पडल्या की ८. चार कवड्यांच्या एकूण १६ मांडण्या, त्यांत १ येतो ४ वेळा, २ येतो ६ वेळा, ३ येतो ४ वेळा, ४ आणि ८ एकेकदाच. तुमच्या प्रोग्रामात परत खेळायला मिळणारं दान (४ किंवा ८) पाचात दोनदा पडतं. खरं सोळात दोनदा. एकाचीच पाळी संपत नसेल तर कारण हेच.

कवडीगणिक रँडिंट ० ते १ घ्या, चारींची बेरीज करा, बेरीज ० आली तर ८ परत द्या. मग १६०० दानं टाकून मोजा: २ हे ६०० च्या आसपास, ८ हे १०० च्या आसपास यायला हवं. खरी कवडी नाण्यासारखी सम नसते, पण प्रोग्रामाला एवढं पुरे.

चिकोडीचा_पट
तिन्ही सुटलं, दानही बदललं. आता दोन नवीन. मेलेली सोंगटी थेट मधल्या घरात जाऊन पिकलेली दिसते. आणि फुलीच्या घरातली सोंगटी अजून मरते, तिथं मारायची नाही अशी अट लिहूनसुद्धा.

खानापूर_टर्मिनल
मेल्यावर पावलं उणे १ करताय ना? पायथनमध्ये उणे १ म्हणजे यादीतली शेवटची जागा, आणि तुमच्या वाटेत शेवटची जागा (२,२). एरर येत नाही, म्हणून दिसत नाही. मेलेली सोंगटी ० वर पाठवा.

फुलीची घरं चौकोनी कंसात लिहिली असतील आणि वाट गोल कंसात. यादी [४,२] आणि टपल (४,२) पायथनला कधीच सारखे वाटत नाहीत, तक्रारही करत नाही. पाचही घरं गोल कंसात करा: (४,२) (२,४) (०,२) (२,०) (२,२).

निपाणी_कवडी
अजून एक बघून ठेवा. फोनच्या कीबोर्डवरून कुणी मराठी किंवा कन्नड ३ टाकला तरी इंट (स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन) त्याचा आकडा बरोबर करतं. पण इनपुट इंट न करता स्ट्रिंगशीच ताडलंत तर तो ३ जुळणार नाही. आणि कोडमध्ये आकडे इंग्रजीच ठेवा, देवनागरी आकडा लिहिला की सिंटॅक्स एरर.

चिकोडीचा_पट
इनपुट स्ट्रिंगशीच ताडत होतो, बदललं. फुलीवर आता मरत नाही. एक मार झाल्याशिवाय आत वळता येत नाही, तो नियम कुठं घालू?

खानापूर_टर्मिनल
खेळाडूगणिक 'मार झाली' असा एक फॉल्स ठेवा, पहिली मार झाली की ट्रू. तो फॉल्स असताना नवी पावलं १५ च्या वर जात असतील तर ती सोंगटी चालत नाही. २४ ची तपासणी जिथं केलीत त्याच फंक्शनात.