आरए तोच, पत्रा मात्र वेगळा वागतोय. मदत हवी आहे

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला निदान करता यायचं नाही. आमच्या प्रेसवर ०.८ मिमी कोल्ड रोल्ड पत्र्याचं एक चौकोनी कव्हर निघतं. खोली ४५ मिमी, एकाच ड्रॉमध्ये, म्हणजे डायमधून एकदाच ओढून. बाहेरून रंग लागतो आणि तीच बाजू ग्राहकाच्या नजरेसमोर असते. दोन वर्षं जॉब बिनबोभाट चालला. मागच्या महिन्यात दुसऱ्या पुरवठादाराची कॉइल लावली आणि दोन दुखणी एकदम मागे लागली.

एक, दीडशेच्या आसपास नग निघाले की बाहेरच्या भिंतीवर उभे ओरखडे. डायच्या रेडियसवर बोट फिरवलं की चिकटलेला माल हाताला लागतो. एमरी मारली की पुढचे शंभर नग बरे, मग पुन्हा तेच.

दोन, रंग दिल्यावर माथ्याचा सपाट भाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. रंग, गन, माणूस, काहीही बदललेलं नाही.

ग्रेड तोच, जाडी तीच. दोन्ही कॉइलच्या सर्टिफिकेटवर आरए, म्हणजे पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आकडा, १.२ मायक्रॉन. आमच्या खिशातल्या टेस्टरवर ०.८ मिमी कटऑफला (मोजमापाच्या फिल्टरला) जुना १.१ आला, नवा १.२. जाड तेल लावून पाहिलं, फारसा फरक नाही. ब्लँक होल्डरचा (पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब कमी केला तर कडेला सुरकुत्या. पुरवठादार म्हणतो, आरए मर्यादेत आहे, तुमची डाय बघा.

मी पत्र्याकडून नेमकं काय मागायला हवं?

डायवाला

डाय बघाच, पण पुरवठादार म्हणतो त्या कारणासाठी नाही. एमरी आडवी मारता की उभी? रेडियसवरचं शेवटचं पॉलिश माल ज्या दिशेने वाहतो त्याच दिशेने हवं. आडव्या रेघा राहिल्या की त्या कानशीचं काम करतात. तरी दोन वर्षं चाललेली डाय एका कॉइलने बिघडत नाही, हेही खरं.

मायक्रॉन

तुमची अडचण आरएवर विसंबण्यात आहे. आरए म्हणजे मधल्या रेषेपासून वर-खाली किती अंतर, त्याची सरासरी. पृष्ठभागाचा आलेख उलटा टांगला तरी आरए तोच येतो! म्हणजे सपाट पठारावर खड्डे असलेला पत्रा आणि सपाट मैदानावर सुळके असलेला पत्रा, दोघांचा आकडा एक. पहिल्याच्या खड्ड्यांत तेल अडकून राहतं आणि दाब आला की तिथूनच वंगण मिळतं. दुसऱ्याचे सुळके डायवर घासून तुटतात, डायला चिकटतात आणि मग ओरखडे काढत बसतात. हा फरक आरएसके सांगतो: खड्डे जास्त तर उणे, सुळके जास्त तर अधिक.

दुसरी गोष्ट पीक काउंट, म्हणजे आरपीसी. एका सेंटिमीटरमध्ये किती शिखरं. मोजताना आलेख मधल्या रेषेच्या अर्धा मायक्रॉन खाली आणि अर्धा मायक्रॉन वर गेला तरच ते शिखर धरतात. तेवढ्याच आरएला कमी शिखरं म्हणजे पोत विरळ आणि पसरट, रंगाखाली दिसणारा.

आता तुमचा कटऑफ. ०.८ मिमीचा फिल्टर त्याहून लांब लाटा गाळून टाकतो. सालीसारखं जे दिसतंय ते साधारण १ ते ५ मिमीच्या लाटांचं काम, म्हणजे तुमच्या टेस्टरने नेमकं दुखणंच फेकून दिलं. शिवाय पत्र्याच्या व्यवहारात ईएन १००४९ या युरोपीय मानकाप्रमाणे कटऑफ २.५ मिमी असतो. तेव्हा तुमचा १.२ आणि सर्टिफिकेटवरचा १.२ हे एकाच मापाचे नाहीत.

साल पत्र्याच्या धातूतल्या कणांमुळेही येते. कण मोठे असतील तर ताणलेल्या जागी पृष्ठभाग खडबडीत होतो. पण तुमची साल माथ्यावर आहे, जिथे ताण सगळ्यात कमी. त्यामुळे माझा संशय लाटांवर. रंगाआधीच्या नगावर पातळ तेल पुसा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिरकं बघा. रेषा थरथरत असेल तर रंगवाल्याला सोडून द्या.

जुना_रोलवाला

पत्र्याला पोत मिळतो तो शेवटच्या हलक्या रोलिंगमध्ये. तिथे जाडी जेमतेम अर्धा-एक टक्का कमी होते आणि रोलवरचा नक्षीदारपणा पत्र्यावर उमटतो. रोलवर पोत आणायच्या रीती निराळ्या. छर्रे मारून, ठिणग्यांनी म्हणजे ईडीटी, लेझरने, किंवा नुसता ग्राइंड करून. ग्राइंड केलेल्या रोलचा पत्रा रेघांचा असतो. ईडीटीचा बिनदिशेचा, शिखरं दाट. आणि रोल झिजतो बरं का. नवा रोल चढवल्यावरची पहिली कॉइल आणि बदलायच्या आधीची शेवटची, एकाच पोलाद गिरणीच्या असूनही सारख्या नसतात. म्हणून रोलला क्रोम चढवतात.

घरच्या घरी बघायचं तर दोन्ही पत्रे पुसून कोरडे करा आणि पातळ तेलाचा एकेक थेंब टाका. थेंब गोल पसरला तर पोत बिनदिशेचा. लांबट झाला तर रेघा आहेत, आणि तेल त्या रेघांच्या नाल्यातून पळून जातं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. थेंब टाकून पाहिला. जुन्यावर बऱ्यापैकी गोल, नव्यावर रोलिंगच्या दिशेने काकडीच्या बीसारखा लांब. मी एक महिना आकडे मोजत बसलो आणि पत्र्याकडे भिंग लावून एकदाही पाहिलं नव्हतं, ही माझीच चूक. ट्यूबलाइटची रेषाही नव्या नगावर हलते.

ओळखीच्या मोजमाप प्रयोगशाळेत २.५ मिमी कटऑफला मोजून घेतलं. आरए १.२ आणि १.३. आरपीसी मात्र जुन्याचा ७४, नव्याचा ४१. डायवाला यांचंही बरोबर निघालं, आमचा पोरगा एमरी आडवीच मारत होता. उभं पॉलिश केल्यावर ओरखडे साडेतीनशे नगांनंतर येतात, पण येतातच.

आता ऑर्डरमध्ये आरए ०.९ ते १.५, आरपीसी किमान ६० आणि ईडीटी रोल असं लिहितोय. लाटेचं माप कसं मागू? ५ टक्के ताणलेल्या नमुन्यावर मोजतात असं कळलं. नमुना गिरणीने ताणायचा की आपण?

मायक्रॉन

गिरणीने. त्यांच्याकडे नमुना कपाच्या आकारात ताणायची चाचणी असते. ऑर्डरमध्ये डब्ल्यूएसए १-५ (१ ते ५ मिमीच्या लाटांचं माप) असं नाव घालूनच लिहा, नुसतं 'लाट कमी हवी' लिहिलंत तर पुरवठादार पुन्हा आरए दाखवेल.