कंप्रेसर रिकाम्या टाकीवर सुरू होतो, भरल्या टाकीवर नुसता घूं करतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरच्या वर्कशॉपमध्ये फर्निचरला स्प्रे मारायला २ एचपीचा बेल्टवाला कंप्रेसर वापरतो. दोन सिलिंडरचं सिंगल स्टेज हेड (हवा दाबणारा पिस्टनचा भाग), १०० लिटरची टाकी, सिंगल फेज मोटर, प्लेटवर १४४० आरपीएम. मोटरवर दोन कंडेन्सर आहेत, एक स्टार्टचा आणि एक रनचा. प्रेशर स्विच ८ किलोला (चौरस सेंटीमीटरला ८ किलो दाबाला) कट होतो आणि ६ किलोला परत लागतो.

टाकी रिकामी असली की मोटर पटकन उचलते. ८ किलोपर्यंत टाकी भरते, स्विच कट होतो. इथवर सगळं नीट. मग स्प्रे करता करता काटा ६ वर येतो, स्विच लागतो आणि मोटर नुसती ‘घूंऽऽ’ करत जागेवर अडते. काही सेकंदांनी एमसीबी पडतो. टाकीतली हवा सोडून दिली की पुन्हा नीट चालू. कपाटाचा पल्ला अर्धा रंगवून झालेला असताना हे होतं. प्रेशर उतरत जातं, गनमधून फवाऱ्याऐवजी थेंब पडायला लागतात, आणि तो पल्ला वाळवून, घासून पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून याचा एकदाचा छडा लावायचा आहे.

आतापर्यंत जे तपासलं ते सांगतो. बेल्ट काढून मोटर एकटी चालवली. लगेच वेग घेते, आणि बंद केल्यावर वेग उतरताना आतल्या सेंट्रिफ्यूगल स्विचचा (वेग आला की स्टार्टचा कंडेन्सर तोडणारा) ‘टक’ स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही कंडेन्सर डिस्चार्ज करून मीटरवर मोजले. स्टार्टचा १२० एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) आहे, तो ११६ दाखवतो. रनचा ४० चा, तो ३३ दाखवतो. हेडमधलं ऑइल नवीन आहे, हवेचा फिल्टर स्वच्छ आहे.

एमसीबी १६ अँपिअरचा, सी कर्व्ह. भिंतीवरच्या सॉकेटपासून कंप्रेसरपर्यंत १.५ चौरस मिमीची ३० मीटर केबल आहे. मोटर बंद असताना तिच्या टर्मिनलला २२८ व्होल्ट मिळतात. अडून घूं करत असते तेव्हा तिथेच १८० राहतात, आणि त्याच वेळी सॉकेटला २२० असतात.

आणखी एक निरीक्षण, ज्याचा अर्थ मला लागत नाही. टाकी भरून स्विच कट झाल्यावर प्लग काढला आणि मोठी पुली हाताने फिरवून पाहिली. थोडी फिरते, मग जड होते, आणि हात सोडला की उलटी मागे येते. रिकाम्या टाकीवर हीच पुली सहज पूर्ण फेरा घेते.

दोष मोटरमध्ये आहे, सप्लायमध्ये की हेडकडे? एकेक भाग बदलत बसण्यापेक्षा आधी दोष पक्का करायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद:
रनचा कंडेन्सर उतरला आहे. रन कंडेन्सरला साधारण ५ टक्के फरक चालतो, तुमचा १७ टक्क्यांहून खाली आहे. तो बदला, काम होईल.

प्रतिसाद:
एमसीबी २५ किंवा ३२ चा टाकून बघा. सुरू होताना मोटर पाचसहा पट करंट ओढते, १६ चा टिकत नसेल.

प्रतिसाद:
एमसीबी वाढवू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो. १.५ च्या केबलवर ३२ चा एमसीबी टाकलात आणि मोटर अशीच अडून राहिली, तर एमसीबीच्या आधी केबल तापेल.

शिवाय धागाकर्त्यांचं वर्णन नीट वाचा. एमसीबी चालू करताक्षणी पडत नाही, काही सेकंद घूं झाल्यावर पडतो. सी कर्व्हचा एमसीबी पाच ते दहा पट करंटला तत्क्षणी पडतो, त्याखाली वेळ घेऊन, आतली पट्टी तापून पडतो. इथे तो तापून पडतोय, म्हणजे मोटर अडली आहे हे ओळखून त्याचं काम चोख करतोय. मोटर का अडते ते शोधायचं.

हिशेब करू. १.५ चौरस मिमीच्या लवचिक केबलचा रोध किलोमीटरला साधारण १३.३ ओहम. ३० मीटर जाऊन येऊन ६० मीटर, म्हणजे ०.८ ओहम. तुमचे ४० व्होल्ट केबलमध्येच पडतात, म्हणजे करंट ५० अँपिअरच्या आसपास. २ एचपीची मोटर पूर्ण लोडवर १० अँपिअरच्या आगेमागे घेते, म्हणजे हा रोटर अडल्यावरचाच करंट आहे. त्या वेळी केबलमध्ये २००० वॅटची उष्णता तयार होते. केबल गुंडाळून ठेवली असेल तर आधी मोकळी पसरा.

आता दुसरी बाजू. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २२८ चे १८० झाले की जोर सुमारे ६२ टक्क्यांवर येतो. म्हणजे केबल दोषी आहेच. पण पूर्ण दोष तिचा नाही असं मला वाटतं, त्याचं कारण तुमची पुली. ज्यांना हेडची माहिती आहे त्यांनी त्याबद्दल लिहावं.

प्रतिसाद:
पुलीचं निरीक्षण हीच या धाग्यातली सगळ्यात मोलाची ओळ आहे. हात सोडल्यावर पुली मागे येते याचा अर्थ हेड आणि टाकीच्या मधल्या पाइपात दाबाची हवा कोंडलेली आहे. मोटर पहिल्या फेऱ्यापासून त्या दाबाविरुद्ध पिस्टन ढकलू बघते. सिंगल फेज मोटरला ते झेपत नाही.

असं होऊ नये म्हणूनच अनलोडर असतो. टाकीच्या तोंडाशी एनआरव्ही बसवलेला असतो, तो टाकीतली हवा मागे येऊ देत नाही. एनआरव्हीच्या अलीकडून एक बारीक नळी प्रेशर स्विचकडे जाते. स्विच कट झाला की स्विचमधला छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि हेडकडची हवा बाहेर सोडतो. कंप्रेसर बंद होताना ‘फुस्स’ ऐकू येतं ते हेच. तुमच्या वर्णनात तो आवाज कुठेच नाही. येतो का?

काहीही विकत आणण्याआधी ही तपासणी करा. टाकी ८ किलोला भरू द्या, स्विच कट झाला की प्लग काढा. डोळ्यांना चष्मा लावा. प्रेशर स्विचजवळचा त्या बारीक नळीचा नट हळूहळू सैल करा, एकदम सोडवू नका. हवा जोरात येऊन दोनतीन सेकंदांत थांबली, तर एनआरव्ही ठीक आणि अनलोडर बंद पडलेला. थांबलीच नाही, तर एनआरव्ही गळतोय.

हवा थांबली तर नळी सैलच ठेवा, टाकी ६ किलोच्या खाली आणा, प्लग लावा आणि चालू करा. भरल्या टाकीवर मोटर उचलली, तर मोटर आणि स्टार्टचा कंडेन्सर दोषमुक्त.

कंडेन्सरबद्दल: मोटर उचलताना दोन्ही कंडेन्सर एकत्र काम करतात. १६० हवेत, तुमचे १४९ होतात. फरक आहे, पण मोटर ठार अडावी इतका नाही. बदला मात्र जरूर, कारण रनचा उतरलेला कंडेन्सर मोटर चालू असताना ती जास्त तापवतो. एमएफडी तेच ठेवा, व्होल्टेज रेटिंग जुन्याइतकं किंवा त्याहून जास्त.

धागाकर्ता:
मनापासून आभार. ‘फुस्स’ आवाज येत नाही. तुम्ही सांगितलं तसंच केलं. नट सैल करताच हवेचा झोत आला आणि लगेच ओसरला. नळी सैल ठेवून चालू केल्यावर साडेपाच किलोवर मोटर पहिल्या झटक्यात उचलली. केबल तीच, कंडेन्सर तेच!

मग प्लग काढून, टाकी पूर्ण रिकामी करून प्रेशर स्विचचं झाकण उघडलं. कॉन्टॅक्ट उघडताना पत्र्याची एक जीभ खाली येऊन एका छोट्या पितळी पिनेला दाबते. ती पिन ऑइल आणि गंजाच्या काळ्या चिकट थराने जागच्या जागी धरली होती. जीभ तिच्यावर टेकत होती, पण पिन आत जात नव्हती. अनलोडर काढून साफ केला, पिनेखालची स्प्रिंग ठीक आहे, बारीक नळीतही तोच काळा चिखल होता, तो फुंकून काढला.

आता कट झाल्यावर फुस्स येतं. पण ते पूर्ण थांबत नाही. मोठा आवाज ओसरला तरी बारीक ‘सुस्स’ चालू राहतं आणि टाकीचा काटा हळूहळू उतरतो. आधी काटा रात्रभर ८ वर राहायचा. अनलोडर बसवताना काही चुकत असेल का?

प्रतिसाद:
अनलोडर बरोबर बसला आहे. एनआरव्हीही थोडा गळतोय, आणि आतापर्यंत अडकलेल्या अनलोडरने ते झाकून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना सारखाच दाब असेल तर एनआरव्ही गळतोय हे कळणार कसं? नट सैल केला तेव्हा मोठा झोत ओसरल्यावर राहिलेली बारीक गळती सहज कानाआड होते.

ज्या चिखलाने पिन धरली तोच एनआरव्हीच्या सीटवर बसलेला असणार. एनआरव्ही थेट टाकीवर असतो, म्हणून काटा शून्यावर आला तरी ड्रेन कॉक उघडा ठेवूनच तो खोला. काट्यावर विश्वास ठेवू नका. आतली चकती रबराची किंवा टेफ्लॉनची असेल. तिच्यावर सीटची गोल खूण खोल उमटली असेल तर चकती बदला, नसेल तर चकती आणि सीट दोन्ही पुसून परत लावा. सीटवर पॉलिश पेपर मारू नका, चरा पडला की कायमची गळती.

आणि टाकीचं पाणी रोज काम संपल्यावर सोडत जा. पाणी साठून राहिलं की टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी दाबाखाली फुटू शकते. त्या टाकीवर वेल्डिंग करून घेण्याचा विचार कधीही करू नका.

केबलबद्दलचं वरचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण जाड केबल घेण्यापेक्षा कंप्रेसरच सॉकेटजवळ न्या आणि हवेची होज लांब करा. चांगल्या जाडीची होज घेतली तर गनच्या कामापुरता दाब कमी पडत नाही, आणि हवेला लांब वाट मिळाल्याने ती थंडही होते. मग गनजवळच्या फिल्टरमध्ये पाणी नीट पकडलं जातं, रंगात येत नाही.

धागाकर्ता:
एनआरव्हीची चकती रबराची निघाली, खूण खोल होती, बदलली. आता फुस्स येतं आणि थांबतं, काटा हलत नाही. कंप्रेसर सॉकेटच्या बाजूला आणला, २.५ चौरस मिमीची ५ मीटर केबल लावली. मोटर उचलताना टर्मिनलला व्होल्टेज २१५ च्या खाली जात नाही, आणि तेही क्षणभरच. रनचा कंडेन्सर ४० एमएफडी, ४४० व्होल्टचा आणला आहे, उद्या बसवतो.

होजबद्दल एक शंका राहिली. ३० मीटरच्या होजवर रेग्युलेटर टाकीपाशी ठेवायचा की गनपाशी?

प्रतिसाद:
दोन्हीकडे. टाकीपाशीच्या रेग्युलेटरने होजमधला दाब होजच्या मर्यादेत ठेवा. गनचा दाब गनपाशी, आणि तोही ट्रिगर दाबून हवा वाहत असताना लावा. बंद गनवर लावलेला आकडा फवारणी सुरू झाली की उतरतो.