मुठीएवढ्या पक्ष्यासाठी अर्धा बीच बंद: जरा अती होत नाही का?

रविवारचा भटक्या:
आईबाबा भारतातून आलेत. गेल्या आठवड्यात त्यांना समुद्र दाखवायला नेलं. मॅसॅच्युसेट्समध्ये नऊ वर्षं काढल्यावर पार्किंगची रांग अंगवळणी पडते, पण या वेळी पुढे जाऊन बघतो तर अर्ध्या किनाऱ्याला दोरी. मधे मधे खांब, त्यांवर पक्ष्याचं चित्र आणि 'आत जाऊ नका'. बाबा म्हणाले, "कुठाय पक्षी?" दहा मिनिटं सगळ्यांनी डोळे ताणले. एकालाही दिसला नाही.

हा पक्षी म्हणजे पायपिंग प्लोव्हर. आपल्याकडच्या चिखल्याच्या भावकीतला, वजन पन्नास-साठ ग्रॅम, रंग कोरड्या वाळूचा. १९८६ साली तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आला, तेव्हा या राज्यात जेमतेम १४० जोड्या उरल्या होत्या. आता हजारावर आहेत. आनंद आहे. पण रोगी उठून हिंडायला लागला तरी सलाईन लावूनच ठेवायचं का? बरं, अंडी खाणारे कोण? कोल्हे, रकून, कावळे, सीगल. काही घरटी उधाणात जातात. आणि दोरी कुणाला, तर चटई टाकून पुस्तक वाचणाऱ्या माणसाला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

ओली वाळू:
त्या दोरीशेजारी टोपी घालून घरट्यांच्या राखणीला उभ्या राहणाऱ्या बायांपैकी मी एक. चार उन्हाळे झाले, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगते.

दिसला नाही म्हणता ना, अहो, भीती तीच आहे. घरटं म्हणजे वाळूत टाचेनं दाबल्यासारखा खळगा, त्यात शिंपल्यांचे चार तुकडे आणि ठिपक्याठिपक्यांची अंडी. जागा पाठ असूनही मी दुर्बीण खाली घेतली की परत शोधताना माझी पाच मिनिटं जातात. अनवाणी पळणाऱ्या पोराला काय दिसणार?

पण नुसत्या अंड्यांसाठी छोटं कुंपण पुरलं असतं. खरी पंचाईत पिल्लं निघाल्यावर होते. या पक्ष्यात आईबाप भरवत नाहीत. काडीवर कापसाचा बोळा ठेवावा तसं ते पिल्लू काही तासांत चालू लागतं आणि स्वतःचे किडे स्वतः टिपतं. किडे बहुतेक पाण्याच्या कडेला, घरटं वरच्या कोरड्या वाळूत, आणि मधे आपल्या छत्र्या, व्हॉलीबॉल, मोकळे सोडलेले कुत्रे. पंखांत बळ यायला महिना जातो, तोवर दिवसभर ही ये-जा.

एकदा गाडीच्या चाकोरीत बसलेलं पिल्लू पाहिलं. घाबरलं की ते बरेचदा पळत नाही, जागच्या जागी चिकटून बसतं. मागून जीप येत होती. मी दोन्ही हात हलवत आडवी गेले म्हणून चालकाने ब्रेक मारला. उतरून मलाच दोन शब्द सुनावले, मग चाकापुढे वाकून बघितलं आणि गप्प झाला.

गळ टाकून बसलेला:
जीपवाल्यांची बाजू मी मांडतो. नॉर्थ कॅरोलायनात केप हॅटरसला आम्ही गाडी वाळूवर नेऊन मासे धरायचो. २००७ साली पक्षीवाले या गाड्यांविरुद्ध कोर्टात गेले, २००८ मध्ये तडजोड झाली, २०१२ पासून गाडी वाळूवर न्यायला परवाना काढावा लागतो. प्लोव्हरच्या जोड्या तिथे मोजक्याच, पण त्यांच्यापायी ऐन हंगामात किनाऱ्याचे मोठे पट्टे बंद. मोटेलवाले, आमिष विकणारे, सगळ्यांच्या पोटावर पाय. 'प्लोव्हर चवीला कोंबडीसारखा लागतो' असले स्टिकर लोक गाड्यांना उगाच लावत नव्हते. मी लावला नाही, पण राग समजतो. शहरातल्या पक्षीप्रेमाचं बिल गावातल्या माणसाने का भरायचं?

आपल्याकडे टिटवी देखील समुद्र आटवते म्हणतात. इथे तिच्या भावकीने पार्किंग आटवलं.

शंकासुर:
हसलो, पण पार्किंग आटवणारा पक्षी नाही, कोर्ट आहे :)

भटक्या, 'चोराला धरा' म्हणजे नेमकं काय करा? एक उपाय म्हणजे घरट्यावर जाळीचा पिंजरा. प्लोव्हर जाळीतून आत-बाहेर करतो, कोल्हा बाहेरच राहतो. अंडी वाचतात, यात वाद नाही. पण काही ठिकाणी मर्लिनसारख्या छोट्या ससाण्यांनी पिंजऱ्याजवळ दबा धरून अंड्यांवरून उठणारे मोठे पक्षीच मारले. अंडी गेली तर जोडी पुन्हा घालू शकते. मोठा पक्षी गेला तर पुढची सगळी वर्षं गेली. दुसरा उपाय, कोल्हे-कावळे मारणं, आणि काही किनाऱ्यांवर तेही होतं. चार महिने दोरीपलीकडे बसण्यापेक्षा तुम्हाला ते बरं वाटतं का, एवढंच सांगा.

सलाईनचं म्हणाल तर ते थोडं कमी झालंय. २०१६ पासून मॅसॅच्युसेट्सला केंद्राकडून सवलत आहे. अटी पाळून काही किनाऱ्यांवर नियम सैल करता येतात आणि त्या बदल्यात प्लोव्हरच्या रक्षणासाठी दुसरीकडे पैसा लावावा लागतो.

रविवारचा भटक्या:
ही सवलत माहीत नव्हती. आणि कोल्हे मारा असं मला म्हणायचं नव्हतं, तो मुद्दा मागे घेतो. पण आकड्यांचा प्रश्न तसाच आहे. किती जोड्या झाल्या म्हणजे पुरे? की दर वेळी रेघ पुढे सरकणार?

ओली वाळू:
ग्रेट लेक्सच्या, म्हणजे उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरांच्या, किनाऱ्यांसाठी रेघ आखलेली आहे, १५० जोड्या. १९९० साली तिथे उरल्या होत्या बारा, २०२३ मध्ये ऐंशी. टाकून दिलेली अंडी उबवून, पिल्लं हाताने वाढवून सोडतात, तेव्हा कुठे हा आकडा. शिकागोच्या मॉन्ट्रोज बीचवर २०१९ साली एक जोडी आली आणि तिथला ठरलेला संगीत महोत्सव आयोजकांनी रद्द केला. लोक चिडले, पण पिल्लं बघायलाही लोकच लोटले. त्याच जोडीचा मुलगा इमानी २०२४ मध्ये तिथेच बाप झाला, आणि त्याची जोडीदार हाताने वाढवलेल्यांपैकी होती.

हॅटरसच्या मोटेलवाल्यांचं नुकसान मी नाकारत नाही. त्यांना भरपाई मिळाली असती तर निम्मे स्टिकर निघाले असते. पण हा पक्षी दर वर्षी त्याच उघड्या वाळूत अंडी घालणार. एक उन्हाळा दोरी काढून बघू, हा प्रयोग मला करवत नाही.

आईबाबा अजून आहेत का? ओहोटी लागल्यावर या, दुर्बीण माझ्याकडे आहे. बाबांना सांगा पक्षी शोधू नका, पळून मधेच थांबणारी वाळू दिसते का ते बघा.

रविवारचा भटक्या:
आहेत, महिनाअखेरपर्यंत. येतो. दोरी अती आहे हे मत तूर्तास कायम :)

गळ टाकून बसलेला:
आणि गाडी कुठे लावायची, तेही सांगून ठेवा.