एसटीतलं बायकांचं अर्धं तिकीट: चालू ठेवावं की त्या पैशातून गाड्या वाढवाव्यात?

कोयनाकाठ
१७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे. परवा डबा खाताना एक सहकारी म्हणाला, "ही फुकटची सवय लावून ठेवलीय." तेव्हा मी गप्प बसले, पण ते मनातून जाईना, म्हणून लिहितेय.

माझी आई पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहते, मावशी कराडला. पूर्वी मावशीकडे जाणं व्हायचं ते दिवाळीला, नाहीतर कुणाच्या दहाव्या-बाराव्याला. आता आई महिन्यातून एकदा जाते. कापडी पिशवीत शेवग्याच्या शेंगा, कडीच्या डब्यात दही, आणि कनवटीला अंडी विकून आलेले पैसे. मशीनमधून तिकीट निघालं की ती आधी रक्कम वाचते, मग घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवते. वडिलांकडे हात पसरावा लागत नाही, त्यामुळे "कशाला जायचंय?" हा प्रश्नही आमच्या घरात आता कुणी विचारत नाही. तिला कुणी दान दिलेलं नाही. तिकीट काढूनच ती गाडीत चढते. मुंबई-पुण्यात मेट्रो, उड्डाणपूल सरकारी पैशातून होतात, तेव्हा कुणी फुकट म्हणत नाही. ही सवलत चालू राहावी असं माझं ठाम मत आहे.

बेरीज
ताई, आईंबद्दल वाचून बरं वाटलं. तरी मी विरोधातच आहे.

माझे वडील बासष्ट वर्षांचे आहेत, दुसऱ्याच्या रानात मजुरी करतात. ते पूर्ण तिकीट काढतात, कारण ज्येष्ठांची अर्धी सवलत पासष्टनंतर मिळते. त्याच वेळी शिवनेरीनं पुण्याहून दादरला जाणाऱ्या, चांगला पगार असलेल्या बाईंना अर्धं तिकीट. २५ जानेवारी २०२५ ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, ते वडिलांच्या खिशातून पूर्ण गेलं. सवलत द्यायची तर गरज बघून द्या. बाई म्हणजे गरीब आणि पुरुष म्हणजे खाऊनपिऊन सुखी, हे आमच्या गावात तरी खरं नाही.

कोयनाकाठ
दादा, तुमच्या वडिलांना सवलत मिळायला हवी, यावर वाद नाही. पण "गरज बघून" म्हटलं की उत्पन्नाचा दाखला आला. तलाठी, सेतू, दोन हेलपाटे, त्यात बुडालेली मजुरी. माझ्या आईनं हे कधीच केलं नसतं. आज कंडक्टर फक्त समोर बघतो आणि तिकीट देतो. ही योजना वाडीवस्तीवर पोचली ती एवढ्यासाठीच.

खाकीची लेक
माझे बाबा कंडक्टर. सवलतीला माझा विरोध नाही, ती ज्या पद्धतीनं चालवतात त्याला आहे. अर्ध्या तिकिटाची उरलेली रक्कम सरकारनं महामंडळाला भरून द्यायची असते. एप्रिल २०२५ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चचा पगार आधी ५६ टक्केच पडला. त्या महिन्यात किराणा उधारीवर आला आणि भावाच्या क्लासची फी थांबली. २०२१-२२ चा संप किती महिने चालला ते आमच्या घरानं भोगलंय. घोषणा करणाऱ्यानं पैसे पहिल्या तारखेला पोचते करावेत. बाईच्या तिकिटाचा भार कंडक्टरच्या घरावर का?

तिसरी सीट
दुसरी बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहितो. आमची वडापची, म्हणजे सीटमागे भाडं घेऊन चालणारी खाजगी जीप आहे. २०२३ नंतर बायका-मुली एसटीकडे गेल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, मीही तेच केलं असतं. पण जीपचा हप्ता तोच आहे. आणि रात्री साडेआठला बाळंतीण अडली तर एसटी नसते, तेव्हा आमचंच दार वाजतं. अर्धं तिकीट गाडी असेल तिथंच उपयोगाचं. ज्या वाडीत दिवसाला दोनच फेऱ्या आहेत, तिथल्या बाईला काय मिळालं? तोच पैसा गाड्यांत घाला, मुक्कामी गाड्या वाढवा. गाडी गावात मुक्कामाला असली की सकाळी सहाला कॉलेजची पोरं निघतात, दूधवाला निघतो, दवाखान्याला जाणारं म्हातारं माणूस निघतं. त्यात बाई-पुरुष दोघं आले.

घाटरस्ता
कर्नाटकाकडे बघा. तिथं ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत बायकांना प्रवास पूर्ण मोफत आहे, पण राज्यातल्या रहिवासी बायकांना आणि साध्या गाड्यांतच. एसी, आरामगाड्या त्यात नाहीत. आपल्याकडे तिकीट अर्धं, पण शिवनेरीसकट सगळीकडे. मला कर्नाटकाची आखणी पटते. शिवनेरी-शिवशाहीतली सवलत काढा, लालपरीतली ठेवा, उरलेले पैसे फेऱ्यांना द्या. दाखला नको आणि बेरीजदादांचा शिवनेरीचा मुद्दाही सुटतो.

बेरीज
शिवनेरीपुरता सुटतो. वडिलांचं तिकीट पूर्णच राहिलं. साध्या गाडीत साठीपुढच्या पुरुषांनाही अर्धं करा, मग माझा विरोध संपला.

कोयनाकाठ
घाटरस्ता, एसी गाड्यांचं मला मान्य. मी स्वतः शिवनेरीनं अर्ध्या तिकिटात जाते आणि पूर्ण भाडं मला झेपतं. साठीचंही मान्य.

वडापवाल्या दादांचं एक मात्र मान्य नाही. तिकीट की गाडी, असं एकच निवडायला मी तयार नाही. आमच्या वाडीत मुक्कामी गाडी आहे म्हणून आई निघू शकते, आणि तिकीट अर्धं आहे म्हणून निघते. शेवटच्या फेरीला आठ माणसं असली तरी त्यातल्या पाच बायका असतात. ती फेरी बंद करायचं उद्या कुणाच्या मनात आलं, तर मशीनमधली हीच तिकिटं आम्ही डेपो मॅनेजरसमोर ठेवू.