मदत हवी आहे: चर्चतर्फे दोन कुटुंबांना घर बांधून द्यायचंय, जागा आणि घरकुलाचं कसं करावं?

नमस्कार, मी जालन्याची, पण प्रश्न गेवराई तालुक्यातल्या दोन घरांचा आहे. जरा लांबलंय, तरी पूर्ण वाचा ही विनंती.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं काय हाल केले ते सगळ्यांना माहीतच आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे तेव्हा तिकडं धान्य, ताडपत्र्या घेऊन गेलो होतो. तिथं एक ताई भेटल्या, नवरा वारलेला, पदरात दोन पोरी, दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन भावासोबत ऊसतोडीला जातात. घर म्हणजे कुडाच्या भिंती, वर पत्रे, पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड आणि एक फाटका टायर. पाणी ओसरलं तेव्हा कूड खालून पार कुजलेला, आत चुलीच्या जागी नुसता गाळ, अन् पोरींची वह्या-पुस्तकं आढ्याला बांधलेल्या साडीच्या झोळीत, तेवढीच कोरडी. पंचनाम्यात ‘झोपडी’ लिहिलं गेलं. पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार मिळतात, झोपडीला ८ हजार. ८ हजारात काय होतं सांगा.

परत आल्यावर पाळकांनी उपासनेनंतर विषय काढला. कुणी नाताळचा खर्च देऊ म्हणलं, एका काकूंनी सिमेंट घेतलं अंगावर, मंडळीतल्या दोन गवंड्यांनी मजुरी नको म्हणून सांगितलं. जालन्याला हे नवीन नाही, नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात इथंच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो, त्यामुळं देवावरचा विश्वास आणि दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर हे मला वेगळं काढताच येत नाही. त्या ताई आमच्यासोबत प्रार्थनेला बसतात. त्यांना कळवलं तर म्हणल्या, “मी रोज रातच्याला मागत होते, माय, देवानं ऐकलं.”

दुसरं घर त्यांच्याच शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं. दोघं माळकरी, आषाढीची वारी करणारे. त्यांचंही घर पडलंय म्हणून त्यांचंही बांधायचं, यावर आमच्यात एकानंही हरकत घेतली नाही. पण गावात कुजबूज सुरू झालीय, आधी घर देतील मग माळ काढायला लावतील म्हणून. बाबा बिचारे घाबरलेत, नको म्हणायला लागलेत. मला याचं फार वाईट वाटतंय.

आता अडचण अशी की ताईंचं घर गायरानात आहे, ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत (नमुना ८) काहीच नोंद नाही, आम्ही तिथंच बांधलं आणि उद्या कुणी पाडलं तर? दुसरं, त्यांचं नाव घरकुलाच्या सर्वेत आहे, आम्ही घर बांधून दिलं तर ते नाव जाईल का? आणि त्यांच्याकडं अनुसूचित जातीचा दाखला आहे, चर्चकडून घर घेतल्यानं पोरींच्या शिष्यवृत्तीला काही होईल का? हे त्यांनी मला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, म्हणून इथं विचारतेय. एकजण परदेशातून पैसे पाठवायला तयार आहेत, ते घ्यावेत का?

गोदाकाठ: ताई, अजून खोदकाम केलं नसेल तर थांबा जरा. पक्कं घर असणाऱ्याला घरकुल मिळत नाही. तुम्ही आधी बांधलं तर तिचे घरकुलाचे १ लाख २० हजार, रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि संडासाचे १२ हजार सगळं हातचं जाईल. आधी मंजुरी येऊ द्या, मोकळ्या जागेचा फोटो घरकुलाच्या सरकारी अॅपवर चढू द्या, मग हप्त्याहप्त्यानं काम होईल तसं वरचं सिमेंट, लोखंड, मजुरी तुम्ही घाला. आज त्या पैशात घर पुरं होतच नाही, लोक स्लॅबपाशी अडकून व्याजानं पैसे काढतात, तुमची मदत खरी तिथं लागते. गायरानात मात्र वीटसुद्धा ठेवू नका, २०११ला सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलीत. घरकुल मंजूर आहे पण जागा नाही अशांना दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेतून १ लाखापर्यंत मिळतात, पंचायत समितीत अर्ज द्या. एवढा छोटा तुकडा घेता येत नाही म्हणतील, पण घरकुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं १००० चौरस फुटांपर्यंत घेता येतो.

वकीलताई लातूर: दाखल्याचं सांगते. कुणाकडून घर घेतल्यानं धर्म बदलत नाही, दाखल्याला काही होत नाही. पण १९५०च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे, त्यामुळं बाप्तिस्मा घेतला तर प्रश्न येतो, २०२४च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाचा तसा निकालही आलाय. हे त्यांना नीट समजावून सांगा, काय करायचं ते त्या ठरवतील. पंतप्रधान आवासच्या घरकुलाला धर्माची अट नाही, रमाई घरकुल योजनेला दाखला लागतो. परदेशी पैसा चर्चनं एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेऊ नये, आणि २०२०पासून नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो पुढं दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. इथलाच पैसा वापरा, दुकानदाराला थेट देऊन पावत्या ठेवा.

तेरणामाय: मी किल्लारी भागातली. १९९३च्या भूकंपानंतर आमच्याकडं ५२ गावं नव्या जागी बसली, कितीतरी घरं संस्थांनी बांधली. घरं मजबूत, पण शेळी कुठं बांधायची, कडबा कुठं ठेवायचा, चूल कुठं मांडायची हे कुणी बायांना विचारलंच नाही, मग लोकांनी पुढं पत्रे ठोकले. तुम्ही आराखडा काढायच्या आधी ताईंना आणि त्या आजीला विचारा. कुजबुजीचं म्हणाल तर हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही घरं बांधून देणारी संस्था १९७६ला ख्रिस्ती श्रद्धेतूनच सुरू झाली, १९८३पासून भारतात आहे, घर देताना ते धर्म बघत नाहीत अन् घरच्यांनीही कामाला हात लावायचा असा त्यांचा रिवाज. २००६ला लोणावळ्याजवळ अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः काम करायला आले होते. तसंच ग्रामसभेत उभं राहून सांगा, बिनशर्त आहे म्हणून लिहून द्या, आणि गावातल्या पोरांना श्रमदानाला बोलवा, भजनी मंडळालाही.

धागाकर्ती: मनापासून आभार. पाळकांना सगळं वाचून दाखवलं, काम थांबवलंय. ग्रामसभेत ते स्वतः बोलणार आहेत, आणि बाबांच्या घरात देव्हाऱ्याचा कोनाडा आमचेच गवंडी काढणार आहेत, तसं बाबांना सांगून आले. ताईंना बाप्तिस्म्याचंही स्पष्ट सांगितलं, त्या विचार करतायत, मी त्यात काही बोलणार नाही. आता जागेचंच राहिलं. गेवराई, माजलगाव भागात जागा खरेदी योजनेतून कुणाला खरंच प्लॉट मिळाला असेल तर कोणते कागद लागले, किती वेळ गेला ते प्लीज लिहा, कारण दिवाळीनंतर ताई तोडीला गेल्या की सहीसाठी सापडणार नाहीत.