शाळेत काउन्सेलर हवा, की फीच्या पावतीत नुसता नवा रकाना?

मांडवीकर: चिरंजीवांच्या शाळेत यंदा काउन्सेलर आल्या. वेगळी खोली, सोफा, भिंतीवर रंगवलेले ढग. आणि पावतीत ‘विद्यार्थी कल्याण’ असा नवा रकाना! गुजरातेत २०१७ पासून फी नियमनाचा कायदा आहे. समितीपुढे खर्च दाखवला की वाढ मागता येते, त्यासाठीच ही हौस, असं माझं मत. गणिताला तीन वर्षांत चार शिक्षक बदलले, ते आधी बघा. मन-बिन आम्ही घरी सांभाळू.

निवृत्त_बाई: मी म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत शिकवलं. चौथीतला एक मुलगा फळ्यावरचं कायम चुकीचं उतरवायचा. मी त्याला वर्गासमोर ‘धांदरट’ म्हटलंय, एकदा नव्हे. मग आरोग्य तपासणीवाले आले आणि डोळ्यांचा नंबर निघाला उणे चार. चष्मा मिळाल्यावर महिन्याभरात त्याचे भागाकार बरोबर यायला लागले. शिकवणं तर माझं तेच होतं. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचंही तसंच. आपल्याकडे गुजरातेत ते १९८४ पासून आहे. उपाशी पोराला पाढे विचारून काय होणार?

मांडवीकर: बाई, चष्म्याला आणि जेवणाला मी कुठे नको म्हणतोय? मी सोफ्याबद्दल बोलतोय.

कारेलीबागची_आई: मग सोफ्याचंच ऐका. माझ्या सातवीतल्या मुलीचं रोज तिसऱ्या तासाला पोट दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, सासूबाईंनी दृष्टही काढली. काउन्सेलरबाईंपुढे दुसऱ्या भेटीत बोलली: मुलींच्या बाथरूमला आतून कडीच नाही, म्हणून ही सकाळपासून पाणी पीत नव्हती आणि लघवी दाबून बसत होती. दोन रुपयांच्या कडीपायी चाचणीत नापास! मला, सख्ख्या आईला, सांगितलं नव्हतं. ‘घरी सांभाळू’ म्हणणं सोपं आहे हो.

राजमहालरोड: सयाजीरावांच्या गावात हा वाद? १९०६ साली बडोदा राज्यभर मोफत सक्तीचं शिक्षण, १९१० पासून वाचनालयांची चळवळ, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या. शाळा म्हणजे नुसता वर्ग नव्हे, हे महाराजांना तेव्हाच कळलं होतं.

मांडवीकर: आले महाराज! बडोद्याच्या कुठल्याही चर्चेत दहाव्या मिनिटाला येतातच. अहो, त्या सक्तीबरोबर पालकांना दंडही होता, तेही सांगा. आणि पेट्या राज्याच्या खर्चानं जात, माझ्या पावतीतून नाही.

ताई_समुपदेशक: मी एम. एस. युनिव्हर्सिटीत समाजकार्य शिकले, दोन वर्षं एका खाजगी शाळेत काउन्सेलर होते. मांडवीकर निम्मे बरोबर आहेत. चौदाशे मुलांमागे मी एकटी. कुणी रजेवर असलं की प्रॉक्सी तास माझा, गॅदरिंगचं निवेदन माझं, अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तर मी रिसेप्शनलाच. आठवीतल्या एकानं वडिलांच्या दारूबद्दल सांगितलं. प्राचार्यांनी ‘रिपोर्ट’ मागितला आणि चार दिवसांत ती गोष्ट स्टाफरूममध्ये चहाबरोबर चघळली जात होती. तो मुलगा परत आला नाही, दुसरंही कुणी आलं नाही. मी राजीनामा दिला. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक हवा. आता नेमणुका होतील. त्या बाईंना कामाला वेळ मिळतो का आणि मुलाचं बोलणं खोलीतच राहतं का, हे पालकांनीच विचारायला हवं.

निवृत्त_बाई: स्टाफरूमचं खरं आहे. त्या चहात मीही असायचे.

मांडवीकर: आत्ताच चिरंजीवांना विचारलं, त्या खोलीत कधी गेलास का? म्हणे, ‘बाबा, कुलूप असतं. ताई सहावीच्या वर्गावर असतात.’ सोमवारी जातो शाळेत. गणिताचंही विचारणार, ते सोडलेलं नाही.